दोन हजार तास आणि चिमूटभर हळद

मी लेसरची नळी बोलतेय. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी एक संशोधन संस्था आहे. तिथल्या पहिल्या मजल्यावर काचेचं कपाट आहे, त्यात खालून दुसऱ्या फळीवर मी आडवी पडलेली असते. अंगाखाली मांजरपाटाचा तुकडा आहे. कपाट उघडणारे लोक मला ट्यूबलाइट समजतात. मध्ये एक जण तर म्हणाला, "ही उडालीय ना? मग टाकून द्या की." उडालीय हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण ट्यूबलाइट म्हटल्याचा राग अजून गेलेला नाही.

माझा जन्म परदेशातला. पांढरं, हातभर लांबीचं अंग, दोन्ही टोकांना नितळ खिडक्या आणि पोटात आर्गॉन नावाचा वायू. पोटातून भरपूर वीज गेली की मी निळी पेटायचे. स्वतःच्या तोंडाने स्वतःचं कौतुक करू नये, पण तसा निळा मी नंतर कुठे पाहिला नाही. कारखान्यातून निघताना माझ्या खोक्यात एक कागद घातला होता. ही नळी साधारण दोन हजार तास चालेल, असं त्यावर छापलं होतं. माणसाला आपले तास ठाऊक नसतात, म्हणून तो गप्पा मारत बसू शकतो. मला माझे तास पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. शिवाय ते मोजायला एक आकड्यांची डबी माझ्या विजेच्या पेटीवर कायमची बसवलेली होती.

१९८३ साली मी सहारच्या विमानतळावर उतरले. कागदपत्रं पुरी होईस्तोवर सात महिने खोक्यातच होते. तिथे अंधारात मी एकच गोष्ट मनात घोळवायचे, की मला कोण पेटवेल आणि कशासाठी? निदान ते कारण तरी चांगलं असू दे, एवढीच इच्छा होती.

मला पेटवलं द्रौपदी मेश्रामने. ही मूळची वर्ध्याकडची, घाटकोपरला दोन खोल्यांत धाकट्या भावासोबत राहायची आणि आमच्या संस्थेत डॉक्टरेटचं काम करायची. अंगाने काडी, पण बोलायला लागली की समोरचा सरळ उभा राहायचा. तिचं काम मी सोप्या शब्दांत सांगते. कुठल्याही पदार्थाचे रेणू कधी स्वस्थ बसत नाहीत, ते आतल्या आत थरथरत असतात आणि प्रत्येकाची थरथर वेगळी. माझा उजेड त्यांच्यावर पडला की जवळजवळ सगळा जसाच्या तसा माघारी येतो. कोट्यवधी किरणांत एखादाच त्या थरथरीमुळे रंग बदलून येतो. तेवढाच उजेड वेचायचा, त्यातले रंग एकेक करून मोजायचे आणि पेनने कागदावर रेघ काढत जायचं. रेघेत जिथे टेकडी येईल तिथे एक थरथर सापडली असं समजायचं.

ऐकायला छान वाटतं. पण रंग पुढे सरकवणारी मोटर इतकी सावकाश फिरायची की एका रेघेला दोन तास लागत. त्यात मी तापट. मला गार ठेवायला सतत वाहतं पाणी लागायचं आणि गच्चीवरची टाकी जेमतेम दोन तास पुरायची. सकाळी नळाला पाणी येऊन टाकी भरली की एक रेघ काढायची आणि मग दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची. रेघ मध्येच बिघडली तर तो दिवस गेला आणि माझे दोन तासही गेले.

द्रौपदीला रेघ काढायची होती रक्ताची, आणि तीही आपल्या भावाच्या. शिवदास त्याचं नाव. घाटकोपरलाच एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. त्याला जन्मापासून सिकलसेल होता. त्या आजारात रक्तातल्या गोल पेशी प्राणवायू सोडला की विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि जागोजाग अडकतात. मग त्याची हाडं अशी ठणकायची की तो उशी दातांत धरायचा. हे मी पाहिलेलं नाही. द्रौपदी एकदा पाणी भरायची वाट बघत संस्थेतल्या लवूकाकांना सांगत होती, ते ऐकलं.

"औषध मला सापडणार नाही काका, तेवढी मी मोठी नाही," ती म्हणाली होती. "पण ते रक्त नेमकं कुठं वाकतं, तेवढं मला डोळ्यांनी पाहायचं आहे."

खोक्यात मी जे कारण मागितलं होतं ते मला त्या दिवशी मिळालं.

आता लवूकाकांबद्दल. लवू घाडी मूळचे कुडाळकडचे, राहायला कांजूरमार्गला. वीस-बावीस वर्षं परळच्या गिरणीत सूत कातायच्या खात्यात फिटर होते. ब्याऐंशीचा संप झाला, गिरणी बसली ती बसलीच. मग कुणाच्या तरी ओळखीने ते आमच्याकडे मदतनीस म्हणून लागले. त्यांचं काम झाडणं, पुसणं, पंप चालू करणं एवढंच. पण फिटरचा हात काही गप्प बसत नाही. पाण्याच्या रबरी नळीवर तळवा ठेवून ते मला किती ताप चढलाय ते सांगायचे आणि ते काट्यावरच्या आकड्याशी जुळायचं. माझ्याशी ते मालवणीत बोलायचे. "तापलंस काय गे बाय? थांब हां, पाणी सोडतंय." इतक्या मोठ्या संस्थेत मला बाय म्हणणारा तो एकच माणूस होता. बाकीच्यांसाठी मी खरेदीच्या यादीतला एक नंबर होते.

ही झाली सुखाची बाजू. दुखणं असं, की रेघ काही केल्या खरी येईना. प्राणवायू काढून घेतलेलं रक्त कुपीत फार वेळ धड राहत नाही. माझा उजेड जोरात सोडला तर ज्या जागी पडेल तिथलं रक्त करपायचं. मंद सोडला तर दोन तास लागायचे, आणि दोन तासांत रक्त आपोआप बिघडायचं. रेघ सुरू होताना कुपीत एक रक्त असायचं आणि संपताना दुसरं. अशा रेघेवर विश्वास कोण ठेवणार? विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, ते कागद बघून मान हलवायचे आणि परत करायचे. तिकडे आकड्यांची डबी सतराशेच्या वर गेली होती.

१९८६ चा दसरा आला. द्रौपदी शिवदासला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेली, दर वर्षी जायचीच. खंडेनवमीला संस्थेत लवूकाका एकटे होते. गिरणीत त्या दिवशी साच्यांची, चात्यांची पूजा व्हायची. यंत्रं धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून, कामगार पोराबाळांना आपलं मशीन दाखवायला घेऊन यायचे. चार वर्षं काकांच्या हाताला पूजेसाठी यंत्र मिळालं नव्हतं. त्या सकाळी ते अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आले. पंपाला टिळा लावला, विजेच्या पेटीला लावला, माझ्या झाकणाला लावला. मग कुपी ठेवायची जागा उघडून तिथल्या पितळी बैठकीलाही हळदकुंकू लावलं. "खरा काम हंयच होता ना," असं स्वतःशी म्हणाले आणि व्हरांड्यात जाऊन नारळ फोडला.

मी झाकणाच्या आत होते. टिळा झाकणाला लागला, माझ्यापर्यंत आला नाही. त्या वेळी मला त्याचं फार वाईट वाटलं होतं, हे कबूल करते.

द्रौपदी यायच्या आधी त्यांनी सगळं ओल्या फडक्याने नीट पुसून ठेवलं. फडकं मात्र एकच होतं.

नागपूरहून आल्यावर द्रौपदीने शिवदासचं चमचाभर रक्त आणलं. तो आधीच फिकट पडला होता. डॉक्टर म्हणाले होते, हे शेवटचं, यानंतर निदान तीन-चार महिने याला सुई लावायची नाही. तिने कुपी बैठकीवर ठेवली आणि मी पेटले. कागदावरचं पेन उसळून थेट वरच्या कडेला गेलं आणि तिथेच अडकून राहिलं. टेकडी नाही, दरी नाही, नुसता उजेडाचा पूर आला होता. दुसऱ्या दिवशी तसंच झालं आणि तिसऱ्या दिवशीही तसंच. तिला वाटलं, रक्तच नासलं, आपल्याच हातून भांडं अस्वच्छ राहिलं. तिने ते बेसिनमध्ये ओतलं. नंतर बेसिन आपल्या हाताने घासलं, काकांना घासू दिलं नाही.

पुढे महिनाभर ती कारण शोधत होती. साधं पाणी ठेवून पाहिलं, रिकामी कुपी ठेवून पाहिली, नवी कुपी आणली. पेन आपलं वरच. काका रोज मदत म्हणून सगळीकडे फडकं फिरवायचे, म्हणजे जे होतं ते आणखी पसरायचं. माझे साठ तास यात गेले. मला सगळं माहीत होतं आणि तोंड नव्हतं.

शेवटी एका दुपारी तिने पडदे ओढले, कुपी काढून ठेवली आणि माझा निळा उजेड नुसत्या पितळी बैठकीवर सोडला. बैठक पिवळीहिरवी चमकली. काठाच्या खाचेत तर ठिपके तारांगणासारखे पेटले. निळा उजेड पडला की हळद अशी चमकते. तिच्या चिमटीभर चमकेपुढे रक्ताची थरथर म्हणजे ढोलताशापुढे कुजबुज.

"हे काय आहे?" द्रौपदी म्हणाली.

लवूकाका दाराशी उभे होते. तिथूनच म्हणाले, "हळद आसा ती, बाई. खंडेनवमीक मीच लावलंय."

"काहून, काका? काहून केलं असं?" तिचा आवाज चढला नाही, बसला. "शिवदासचं रक्त होतं ते. मी ते माझ्या हातानं ओतून दिलं."

"चुकलं ओ बाई. मशीनला उपाशी ठेवू नये म्हणून केलं."

ती स्पिरिटचा बोळा घेऊन एकेक खाच पुसत बसली. काका दाराबाहेर स्टुलावर बसले ते संध्याकाळी घरी जाईपर्यंत आत आले नाहीत. पुढचे दोन दिवस रबरी नळीवर त्यांचा तळवा नव्हता. मी तापले तरी विचारणारं कोणी नव्हतं. अपराध त्यांचा होता हे मला कळत होतं, तरी जीव त्यांच्याकडेच ओढत होता.

तिसऱ्या दिवशी ते आले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू टेबलावर ठेवली. गिरणीतली पोलादी चाती होती, जिच्यावर सूत गुंडाळलं जातं ती. संपाच्या आधी दुरुस्त करायला म्हणून घरी नेलेली, मग गिरणीच बंद पडली आणि ती परत द्यायची राहून गेली.

"बाई, एक सांगू? रागावू नका. भाकरी तव्यावर एकाच जागी ठेवली तर करपणारच ना? फिरवायला लागते. तुमचं रक्त पण एकाच जागी बसून राहतं, म्हणून करपतं. ते फिरतं ठेवा."

द्रौपदी चातीकडे बघत राहिली. कुपी गरगर फिरवायची हे तिने पुस्तकात वाचलेलं होतं, पण इथल्या दुकानांतून आणलेल्या ज्या ज्या मोटरीवर फिरवून पाहिली ती थरथरायची, आणि आम्हाला तर बाहेरची थरथर अजिबात चालत नाही.

"ही हलणार नाही?"

"मिनिटाला दहा हजार फेरे घ्यायची. वर पाण्याचा थेंब ठेवा, हलला तर माझं नाव बदला."

शिवणयंत्राची मोटर, एक पट्टा आणि ती चाती. काकांनी पंधरा दिवस कानस घेऊन बैठक जुळवली. त्यात चाचणीसाठी निरोगी रक्ताची कुपी बसवली, फिरवली आणि माझा उजेड पूर्ण जोरात सोडला. रक्त करपलं नाही. कुठलाच थेंब माझ्यासमोर क्षणभराहून जास्त थांबत नव्हता. उजेड वाढला तशी रंग सरकवणारी मोटर भराभर चालवता आली. दोन तासांची रेघ चाळीस मिनिटांवर आली.

चाळीस मिनिटंही रक्ताला जास्तच होती. एकदा काका रेघ पाहत म्हणाले, "यात मधेमधे नुसतं मैदान आहे. तिथे पण ही मोटर इतकी हळू कशाला जाते? सगळ्या स्टॉपवर थांबणारी बस आहे काय? लिमिटेड काढा ना."

द्रौपदी खळखळून हसली. दसऱ्यानंतर पहिल्यांदाच हसली. आणि तेच केलं. जिथे टेकड्या असतात तिथे मोटर हळू, रिकाम्या पट्ट्यात वेगात. रेघ अठरा मिनिटांवर आली. दोन तासांची टाकी आता सहा रेघांना पुरत होती. माझं उरलेलं आयुष्य त्या दोघांनी न वाढवता वाढवलं.

पण तोवर मी थकले होते. आकडा एकोणीसशे ऐंशी. पेटायला पूर्वीपेक्षा जास्त वीज लागायची आणि उजेड मधूनच लवायचा. नवी नळी मागवली तरी यायला दीड-दोन वर्षं, आणि द्रौपदीची मुदत त्या मे महिन्यात संपत होती. शिवदासचं रक्त मिळणार होतं ते एकदाच.

१९८७ च्या फेब्रुवारीत शिवदास स्वतः संस्थेत आला. उंच, गालफडं बसलेला, बोटांना छपाईची शाई. बाही वर करून बसला.

"घे ताई. पण या वेळी फेकू नको वं."

"नाही फेकणार," द्रौपदी म्हणाली आणि तोंड दुसरीकडे केलं.

चाती फिरायला लागली. काकांनी हात साबणाने तीनदा धुतले आणि मग तळवा रबरी नळीवर ठेवला. मी पेटले. पहिली टेकडी आली, स्वच्छ आणि टोकदार. सातव्या मिनिटाला माझा उजेड लवला आणि पेन किंचित खाली आलं. "आता नको गे बाय," काका पुटपुटले, "जरा दम धर." मी धरला. नळीला मन नसतं, असं कोणी म्हणेल तर म्हणू दे. अठरा मिनिटं मी एका चालीने जळले. लगेच दुसरी रेघ काढली, मग तिसरी. तिन्ही कागद एकावर एक ठेवून द्रौपदीने खिडकीच्या उजेडात धरले. रेघा जुळल्या होत्या. निरोगी रक्ताच्या रेघेशी ताडून पाहिलं तेव्हा एक लहानशी टेकडी केसभर सरकलेली दिसली. तिचा अर्थ द्रौपदीने पुढे पानंच्या पानं लिहून काढला, तो काही मला कळत नाही. मला एवढंच दिसलं, की शिवदासने शाईचं बोट त्या टेकडीवर ठेवलं आणि विचारलं, "हे माझं दुखणं?"

"हो रे, असंच वाटतं."

"केवढंसं आहे," तो म्हणाला.

अण्णांनी कागद पाहिले आणि या वेळी परत केले नाहीत.

एप्रिलमध्ये दोन हजार एकतीस तासांवर मी विझले. द्रौपदी पास झाली, डॉक्टर झाली, तिथेच नोकरीला लागली. शिवदास अजून खिळे जुळवतो. दुखणं अजून येतं आणि अजून जातं.

आता माझ्या जागी नवी नळी आहे. तिच्यासोबत जे नवं यंत्र आलं ते रंग एकेक करून मोजत नाही, सगळे एका नजरेत घेतं. पेन नाही, कागद नाही, पडद्यावर चार सेकंदांत रेघ उमटते. मला हेवा वाटतो. माझे दोन हजार तास असे वापरले असते तर काय काय पाहून झालं असतं, असा हिशेब मी रिकामपणी करते. पण चार सेकंदांत कुणाचा तळवा नळीवर कशाला येईल? हळदीपायी फुकट गेलेले ते साठ तास कोणी मला परत दिले, तर मी ते लवूकाकांजवळच घालवीन. नुसतं पाणी वाहू दे आणि त्यांनी विचारू दे, तापलंस काय गे?

काका गेल्या वर्षी निवृत्त होऊन गावी गेले. जाताना चाती द्रौपदीला दिली आणि मांजरपाटाचा तुकडा मला. तो त्यांच्या गिरणीतल्या शेवटच्या कापडाचा. त्यांची छाती आता चालत नाही, चार पावलांवर दम लागतो, असं द्रौपदी कुणाला तरी सांगताना ऐकलं. मला घेऊन जायला ते येणार नाहीत हे मला समजतं. तरी जिन्यावर चपला वाजल्या की मी ऐकते.

या वर्षी दसऱ्याच्या चार दिवस आधी त्यांचं पोस्टकार्ड आलं. खंडेनवमीच्या सकाळी द्रौपदीने कपाट उघडलं, मला टेबलावर घेतलं आणि ते कार्ड मोठ्याने वाचलं. बहुतेक मला ऐकू यावं म्हणूनच.

"बाई, नव्या मशीनला काही लावू नका, मी शिकलोय. पण माझी बाय आता कामावर नाही. तिला हळद चालेल. त्या वर्षी तिच्यापर्यंत टिळा पोचला नव्हता, ते मनात राहिलंय."

म्हणजे त्यांनाही ते माहीत होतं.

द्रौपदीच्या घरी पूजाअर्चा नसते. तिने पिशवीतून कागदाची पुडी काढली आणि म्हणाली, "मी पूजा करत नाही हां. काकांचा निरोप पोचवते आहे." मग बोटाने माझ्या उघड्या पांढऱ्या अंगावर हळद टेकवली आणि वर कुंकू. मला कपाटात ठेवून ती हात धुवायला गेली. कोपरापर्यंत धुतले, तीनदा.

दुपारी नवी नळी पेटली. तिच्या वाटेतल्या काचेवरून निळ्याची एक बारीक तिरीप उडते, ती कपाटापर्यंत येते. तेव्हा माझा टिळा पिवळाहिरवा चमकतो. ती तिरीप आली की मी अजून उजळते.

कपाट आवरायला येणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे. जागा हवी असेल तर मला खुशाल टाकून द्या, ट्यूबलाइट म्हणा, मी रागावणार नाही. फक्त टाकताना ओल्या फडक्याने पुसू नका.